सिल्वासा, रेडिओ आणि आपला देखावा

यंदाच्या देखाव्यावरून आषाढातल्या बैठकीत जो वाद झाला, तो अथालमधल्या बहुतेक घरांत पोहोचला आहेच. मुलांचे म्हणणे होते की या वेळी थर्माकोल नको आणि पुतळेही नकोत. मंडपाच्या मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरने चित्रे हलवायची, ध्वनिमुद्रित निवेदन लावायचे, दिव्यांचा खेळ करायचा आणि विषय घ्यायचा सिल्वासाच्या मुक्तीचा. ज्येष्ठांपैकी एकाने लगेच विचारले, "बाप्पापुढे टीव्ही लावणार का?" हशा पिकला. खरे सांगायचे तर तो प्रश्न विचारणारा मीच.

मग मुलांनी लॅपटॉपवर नमुना दाखवला. चित्रे संगणकाकडूनच करून घेतलेली होती. दमणगंगेच्या काठाने पोर्तुगीजांचे रणगाडे चालले होते. लता मंगेशकर मशालींच्या उजेडात रानात गात होत्या. सुधीर फडक्यांच्या हातात तलवार होती आणि अंगात चिलखत! मी म्हटले, "अरे, रणगाडे कुठले? आणि बाबूजींच्या अंगात चिलखत?" त्यावर आमचा पुतण्या शांतपणे म्हणाला, "काका, मग खरे काय झाले ते तुम्हीच लिहून द्या. आम्ही तसेच करू."

त्याने मला बरोबर पकडले. मी १९८७ साली नोकरीसाठी इथे आलो. सुताच्या कारखान्यात उमेदवारी केली, अथालला घर केले, मुले इथेच वाढली. दर वर्षी २ ऑगस्टला मुक्तिदिनाचे झेंडावंदन आणि त्यानंतर चहा-बिस्किटे, यापलीकडे आपण जिथे राहतो त्या जागेची गोष्ट मीही कधी नीट लावून पाहिली नव्हती. ती लावताना माझ्याच प्रश्नाचा पाया ढासळत गेला. ज्यांनी हा मुलूख सोडवला त्यांच्यात कलावंत होते हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते आपल्या काळातल्या अगदी नव्या यंत्रांवर काम करणारे कलावंत होते, हे आपण विसरतो. तबकडी, ध्वनिक्षेपक, सिनेमा, रेडिओ ही तेव्हाची नवमाध्यमे. आज मुले प्रोजेक्टरपुढे जशी खटपट करतात, तशीच खटपट त्या लोकांनी मायक्रोफोनपुढे केली होती.

सुरुवात हिराबागेपासून करतो. १९५४ चा एप्रिल. पुण्यात हवेलीच्या मोहिमेची जुळवाजुळव चालू होती. माणसे होती, जिद्द होती, पैसे नव्हते. शस्त्रे घ्यायची तर निधी हवा. सुधीर फडके तेव्हा चित्रपटसृष्टीत नाव झालेले संगीतकार होते. 'प्रभात'च्या 'गोकुळ'ला त्यांनी १९४६ मध्ये संगीत दिले होते आणि त्याआधी तबकड्यांच्या कंपनीत काम केलेले होते. त्यांनी लताबाईंना गळ घातली आणि हिराबागेच्या मैदानावर त्यांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला. त्याच्या उत्पन्नातून मोहिमेला हातभार लागला.

हा प्रसंग आपण बहुधा देशभक्तीची गोष्ट म्हणून सांगतो आणि पुढे जातो. मला त्यातली दुसरी बाजू जास्त विलक्षण वाटते. लताबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. त्याच्या पाचच वर्षे आधी, १९४९ मध्ये, 'महल' चित्रपटातल्या त्यांच्या गाण्याची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी'. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे! पार्श्वगायन हा प्रकार इतका नवा होता की गाणाऱ्या माणसाला नाव असते हेच अजून कंपन्यांच्या पचनी पडले नव्हते. रेडिओवर ते गाणे वाजले आणि लोकांची विचारणा सुरू झाली, की ही गाते कोण? पडद्यामागचा तो आवाज पाच वर्षांत इतका मोठा झाला की त्याच्या नावावर मैदान भरावे आणि त्या पैशातून एक मुलूख सोडवण्याची तयारी व्हावी. यंत्राने आधी माणसाचे नाव पुसले आणि मग त्याच यंत्राने ते घरोघर पोहोचवले. यंत्राला नावे ठेवताना या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

मोहिमेची हकीकत मुलांसाठी थोडक्यात, पण नीट देतो, कारण देखाव्यात चूक झाली तर ती पाच दिवस भिंतीवर हलत राहील. दादरा २२ जुलै १९५४ च्या सुमारास सुटले. तिथे पुढे होता 'युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स' हा गट आणि त्याचे नेते फ्रान्सिस मस्करेन्हस. नरोलीची पाळी आली २८ जुलैला. आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांचे सुमारे वीस जण आणि नरोलीचे गावकरी यांनी मिळून पोलीस चौकीला वेढा घातला. आत एक अधिकारी आणि सहा शिपाई. त्यांनी शरणागती पत्करली. रणगाडे नव्हते, तोफा नव्हत्या, आणि मुलांनो, चिलखतही नव्हते.

मात्र एक गोष्ट होती आणि तीच देखाव्यात हवी. ती म्हणजे दमणगंगेचा पूर. तेव्हा मधुबन धरण नव्हते. पावसाळ्यात नदी फुगली की नरोली आणि सिल्वासा यांचा संबंध तुटायचा. कॅप्टन फिदाल्गो दीडशेच्या आसपास पोलिसांसह सिल्वासात बसलेला आणि पलीकडच्या नरोलीच्या चौकीला मदत पाठवता येत नाही, अशी स्थिती. मुक्तिसैनिकांनी दिवस निवडला तो पुराचा. आपण नरोली रस्त्याने जाता-येता पुलावरून जे पाणी पाहतो आणि धरणातून विसर्ग सोडला की ज्याचे फोटो एकमेकांना पाठवतो, ते पाणी त्या लढाईत आपल्या बाजूने होते.

१ ऑगस्टला पिपरियाची चौकी पडली. मग करंबेळे इथे जमलेल्या सैनिकांनी तीन तुकड्या केल्या आणि २ ऑगस्टच्या सकाळी सिल्वासा हाती आले. फिदाल्गो खानवेलच्या बाजूला निघून गेला आणि ११ ऑगस्टला उडवा इथे भारतीय पोलिसांना शरण गेला. त्याआधी कित्येक फेऱ्या मारून या भागाची माहिती काढणारे राजा वाकणकर आणि नाना काजरेकर, मोहिमेची धुरा वाहणारे विनायकराव आपटे, पुढे सोळा भाषांचा 'भारतीय व्यवहार कोश' करणारे विश्वनाथ नरवणे, ही नावे २ ऑगस्टच्या भाषणांत अधूनमधून ऐकू येतात. या मोहिमेत सुधीर फडके होते आणि बाबासाहेब पुरंदरेही होते. सिल्वासा सुटले त्या दिवशी बाबूजींना पस्तीस पूर्ण होऊन आठ दिवस झाले होते आणि बाबासाहेबांना बत्तीस पूर्ण होऊन चार. वय मुद्दाम सांगतो. आपल्या डोळ्यांसमोर दोघेही पांढऱ्या केसांचेच येतात आणि मुलांच्या संगणकाच्या डोळ्यांसमोरही तसेच आले होते.

आता अशी एक गोष्ट, जी इतकी वर्षे इथे राहूनही मला माहीत नव्हती आणि कळली तेव्हा मी जेवता जेवता थांबलो. पोर्तुगीज गेले तेव्हा त्यांचे बिनतारी संदेशयंत्रांचे संच इथे मुक्तिसैनिकांच्या हाती लागले. त्या संचांचे काय झाले? त्यांतूनच फेरफार करून प्रक्षेपक तयार झाला आणि त्यावर गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी भूमिगत रेडिओ सुरू झाला, असे सांगितले जाते. त्या केंद्राचे नाव 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. २५ नोव्हेंबर १९५५ ला ते सुरू झाले. चालवणारी माणसे मुख्यतः दोनच, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. आधी आंबोलीच्या बाजूला आणि मग कॅसलरॉकच्या रानात, एका ट्रकमध्ये बसवलेले यंत्र घेऊन ही दोघे जवळजवळ सहा वर्षे राहिली. कोकणी आणि पोर्तुगीज या दोन भाषांत रोज कार्यक्रम. बातम्या स्वतः जमवायच्या, स्वतः लिहायच्या, स्वतः वाचायच्या, यंत्र बिघडले तर सोय करायची आणि पावसात जळवा काढत पुन्हा माइकपुढे बसायचे. गोव्यात हे केंद्र लावणे म्हणजे गुन्हा, म्हणून लोक दारे-खिडक्या लावून, आवाज बारीक करून ऐकायचे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा या दोघांना भारतीय हवाई दलाच्या विमानात बसवण्यात आले. विमानाला ध्वनिक्षेपक लावलेला. सहा वर्षे जो आवाज रानातून येत होता, तो त्या दिवशी आभाळातून आला. गोव्यावरून घिरट्या घालत त्यांनी पोर्तुगीज आणि कोकणीत सांगितले की तुम्ही स्वतंत्र झालात, आणि वरून पत्रके टाकली. पुढे दोघांनी लग्न केले. वामनरावांना १९९२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि लिबियाताईंना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत.

या दोघांना कोणी कलावंत म्हणत नाही. मी म्हणतो. रोज एक तास, फक्त आवाजाच्या जोरावर, न दिसणाऱ्या आणि उत्तर न देऊ शकणाऱ्या श्रोत्याला धरून ठेवायचे, तेही सहा वर्षे, याला दुसरा शब्द मला सापडत नाही. आणि मूळचे ते यंत्र शत्रूने हुकूम पाठवण्यासाठी आणलेले. त्याचा सूर बदलला तो या दोघांनी.

बाबूजींकडे परत येतो. सिल्वासा सुटले २ ऑगस्ट १९५४ ला. त्यानंतर सुमारे आठ महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या सकाळी, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायणा'चे पहिले गीत ऐकू आले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, आणि या सगळ्याची कल्पना आकाशवाणीच्या सीताकांत लाड यांची. पुणे केंद्राला तेव्हा दोन वर्षेही झालेली नव्हती. नवे केंद्र, नवे श्रोते. आठवड्याला एक गीत आणि वर्षभर चालणारी एक कथा हा प्रकारही नवाच. बावन्न आठवड्यांची बावन्न गीते ठरली होती. त्या वर्षी अधिक महिना आल्याने ती छप्पन्न झाली आणि पुढच्या वर्षीच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ ला मालिका संपली.

आपल्यापैकी बहुतेकांना गीतरामायण भेटले ते कॅसेटवर किंवा प्रत्यक्ष कार्यक्रमात, पांढऱ्या गादीवर बसलेल्या बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात. रेडिओवरचे मूळ रूप तसे नव्हते. तिथे माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, राम फाटक, सुरेश हळदणकर, योगिनी जोगळेकर, ललिता फडके, लता मंगेशकर असे कितीतरी आवाज होते. पात्र बदलले की गळा बदलायचा. डोळ्यांना काही दिसत नाही म्हणून कानांसाठी सगळी पात्रे उभी करायची, हे रेडिओचे व्याकरण त्यांनी पहिल्याच झटक्यात ओळखले होते. कीर्तनात एकच बुवा सगळी पात्रे करतो, कारण त्याचे हात, चेहरा, उपरणे आपल्याला दिसत असते. रेडिओत उपरणे दिसत नाही. बाबूजींचा शब्दोच्चारावरचा कटाक्ष आपण त्यांचा स्वभाव म्हणून सांगतो. मला वाटते, त्यात माध्यमाची जाणही होती. खरखरणाऱ्या संचावर, स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या बाईला प्रत्येक अक्षर कळले पाहिजे, आणि ते एका ऐकण्यात कळले पाहिजे, कारण मागे फिरवून पुन्हा ऐकायची सोय नव्हती. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला गीत लागायचे आणि शनिवार-रविवारी पुन्हा, एवढीच संधी. लोक वही-पेन्सिल घेऊन बसत. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते ज्यांच्याकडे होता त्यांच्या ओटीवर जात. काही घरांत रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत.

रेडिओला उदबत्ती! "बाप्पापुढे टीव्ही लावणार का" असे विचारणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे. मी तीनदा वाचले.

आमच्या आईने सांगितलेली आठवण आहे. तिच्या माहेरी रेडिओ नव्हता, शेजारी डॉक्टरांकडे होता. शुक्रवारी आठ-साडेआठपासून त्यांच्या ओसरीवर आळीतल्या बायका जमत. कोणाच्या ओट्यात निवडायची भाजी, कोणाच्या मांडीवर पोर. गाणे चालू असताना एखादे पोर रडले तर त्याला घेऊन आई अंगणात पळायची आणि परत आल्यावर विचारायची, "मधले कडवे काय होते?" कोणीतरी वहीतून वाचून दाखवायचे. असे सगळे मिळून गाणे पुरे करायचे. पुढे गीतरामायण गुजरातीसह किती तरी भाषांत गेले. इथल्या शेजाऱ्यांना ते सांगताना मला अनुवादाची अडचण कधी आली नाही.

बाबूजींच्या चिकाटीचा एक धागा सिल्वासापासून शेवटपर्यंत दिसतो. हवेलीच्या मोहिमेतले मोहन रानडे पुढे गोव्यात पकडले गेले आणि चौदा वर्षे कैदेत राहिले. गोवा मुक्त झाल्यावरही त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगातून सोडले नव्हते. १९६९ मध्ये ते सुटले, आणि त्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत बाबूजी पुढे होते. आयुष्याच्या अखेरीस लोकांकडून वर्गणी गोळा करून त्यांनी 'वीर सावरकर' चित्रपट केला. तो २००१ मध्ये पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. हिराबागेत गाण्यातून मोहिमेसाठी पैसा उभा केला होता, इथे लोकांच्या पैशातून चित्रपट उभा केला.

बाबासाहेब पुरंदऱ्यांचे माध्यम वेगळे होते. ते मुळात बोलणारे आणि लिहिणारे. पण १९८५ मध्ये त्यांनी 'जाणता राजा' रंगभूमीवर आणले, तेव्हा मराठी नाटकाने तोवर न पाहिलेली गोष्ट केली. नाट्यगृह सोडून मैदान, दोनशेहून अधिक कलाकार, हत्ती, घोडे, उंट आणि किल्ल्याएवढा उंच देखावा. या सगळ्याला बांधून ठेवणारी गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नव्हती. ती म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेले संवाद आणि गाणी. मैदानात हजारो माणसे बसलेली असताना नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणार कसा? म्हणून आवाज फितीवरून आणि हालचाल रंगमंचावरून. घोडा एक पाऊल चुकला तरी चालेल, फीत थांबत नाही. यामुळे आणखी एक सोय झाली. गावोगावच्या प्रयोगांत स्थानिक हौशी माणसे उतरवता आली, कारण पाठांतराचा प्रश्नच नव्हता. कोणा बँकेतल्या कारकुनाने मावळा व्हावे आणि शाळेतल्या बाईंनी गोंधळात नाचावे, हे त्या ध्वनिफितीने शक्य केले.

बाबासाहेबांच्या इतिहासमांडणीवर आक्षेपही घेतले गेले आणि ते २०१५ मध्ये 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराच्या वेळी सगळ्या महाराष्ट्राने ऐकले. त्या वादात इथे शिरत नाही, पण मुलांना एक सांगणे आहे. डोळे दिपवणारे माध्यम हातात असले की दिसते तेच खरे वाटू लागते. पुस्तकात शंका लिहिता येते, तळटीप देता येते. हत्तीला तळटीप देता येत नाही. भिंतीवरच्या रणगाड्यालाही देता येत नाही. लहान मूल ते पाहील आणि आयुष्यभर सांगेल की सिल्वासात रणगाडे आले होते. बैठकीत मला खरी भीती वाटायला हवी होती ती याची, आणि मी मात्र टीव्हीवर घसरलो.

बैठकीत एक काकू म्हणाल्या होत्या, "आपल्या परंपरेत हे असले यंत्रबिंत्र बसत नाही." काकूंचा मान राखून सांगतो, बसते. १८९२ मध्ये कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली, त्याला यंदा किती वर्षे झाली ते मोजा. दिव्यापुढे काचेच्या रंगवलेल्या पट्ट्या धरायच्या, पडद्यावर मोठी चित्रे पाडायची, पट्ट्या अशा सरकवायच्या की चित्र हलल्याचा भास व्हावा, आणि बरोबर निवेदन आणि गाणे. सिनेमा भारतात यायच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट. पटवर्धन पिता-पुत्रांनी रामायण-महाभारतातले प्रसंग काचेवर रंगवून गावोगाव नेले. म्हणजे चित्र, प्रकाश, हालचाल, आवाज असे सगळे एकत्र. आजच्या भाषेत मल्टिमीडिया. दादासाहेब फाळके १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' घेऊन आले, तेव्हा अंधारात बसून उजेडातली गोष्ट पाहायची सवय आपल्या लोकांना अशा खेळांनी थोडीफार लावलेली होती.

त्याहून मागे जायचे तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथले ठाकर समाजातले कलावंत चित्रकथीची पोथी उघडून एकेक चित्र दाखवत गाऊन गोष्ट सांगतात. चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्याही नाचवतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि एवढे लांब तरी कशाला? आपल्या हवेलीतल्या आणि शेजारच्या डहाणू-तलासरीच्या वारली घरांत लग्नाचा चौक लिहिला जातो, तेव्हा सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर पालघट देवी काढतात आणि धवलेरी गाणी म्हणते. गाण्यावाचून तो चौक पुरा होत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी त्या लोकांना कागद आणि रंग दिले, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणली आणि जगभर नेली. कागदावर चित्र गेले, गाणे मात्र भिंतीपाशीच राहिले. आता आपल्या गृहसंकुलांच्या कमानींवर वारली माणसे नाचताना दिसतात. ती मुकी आहेत, हे मला यंदा प्रथमच जाणवले.

ते सुटलेले गाणे चित्राला पुन्हा जोडायचे काम आजचे काही कलावंत आपापल्या परीने करत आहेत. मुंबईच्या नलिनी मालानी १९६९ मध्ये, चित्रकार अकबर पदमसी यांनी मुंबईत काढलेल्या कार्यशाळेत कॅमेरा हाती घेणाऱ्या मोजक्या तरुणांपैकी. पुढे त्यांनी पारदर्शक नळकांड्यांवर चित्रे रंगवली, ती फिरती ठेवली, त्यांतून प्रकाश सोडला आणि भिंतीवर सावल्यांची वरात काढली. वरून चित्रफीत आणि आवाज. २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासेल गावी 'डॉक्युमेंटा' या मोठ्या प्रदर्शनात असे काम होते. त्याचे छायाचित्र मी आमच्या पुतण्याला दाखवले, तर तो म्हणाला, "काका, हे तर चामड्याच्या बाहुल्यांसारखेच झाले." चंद्रपूरकडच्या सास्ती या कोळशाच्या खाणीच्या गावातून आलेला प्रभाकर पाचपुते कोळशानेच भिंतीवर चित्रे काढतो आणि त्यांची हलती चित्रफीतही करतो. खाण त्याच्या घरात होती, कोळसा हातात होता. कॅमेरा नंतर आला. या क्रमात मला फार अर्थ वाटतो.

म्हणून मी मुलांना पुन्हा बोलावले आणि सांगितले, की प्रोजेक्टर लावा. पण आधी आपल्या हातात काय आहे ते पाहा.

त्यांनी ऐकले. रणगाडे गेले. चिलखत गेले. हिराबागेच्या प्रसंगात आता फक्त एक मायक्रोफोन आणि समोर काळोखातली गर्दी आहे. लताबाईंचा चेहराच दाखवायचा नाही असे मुलांनी स्वतःहून ठरवले. मला ते फार आवडले. नरोलीच्या वेढ्यात मुक्तिसैनिकांबरोबर गावकरीही दिसतील, कारण ते तिथे होते आणि चित्रांतून मात्र नेहमी गळतात. त्या चित्रांच्या रेषा आपल्याकडे धुणीभांडी आणि स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या मुलीने काढल्या आहेत. तिच्या आजीने चौकाच्या वेळचे गाणे म्हणायचे कबूल केले आहे. ध्वनिमुद्रण नको, समोर बसून म्हणेन, अशी तिची अट आहे आणि ती मंडळाने एकमताने मान्य केली. बिनतारी संचाचा प्रसंग करायला मुलांना सर्वांत मजा येते आहे. जुना व्हॉल्वचा रेडिओ कोणाच्या माळ्यावर असेल तर त्यांना हवा आहे. चालू नसला तरी चालेल, आतला दिवा ते लावतील.

राहिला पूर. पुराचा आवाज इंटरनेटवरून घ्यायचा नाही, दमणगंगेचाच घ्यायचा, असे ठरले. श्रावणात विसर्ग सोडल्याची सूचना आली त्या संध्याकाळी चार मुले मोबाइल आणि एक छोटा मायक्रोफोन घेऊन पुलावर गेली. पोलिसांनी दोनदा हटकले, तेव्हा बाजूला उभे राहून वीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून आली. मी कानाला हेडफोन लावून ऐकले. पाणी खूप मोठे वाजते, आत कुठेतरी दगड घरंगळतात, आणि बाराव्या मिनिटाला नरोलीकडे जाणाऱ्या एका ट्रकचा लांबलचक हॉर्न आहे. तो कापून टाकायचा की १९५४ च्या पुरात तसाच वाजू द्यायचा, यावर मुलांत दोन तट पडले आहेत. हा अंक छापायला जाईपर्यंत निर्णय झालेला नाही. चतुर्थीच्या संध्याकाळी आरतीनंतर मंडपात या, म्हणजे काय ठरले ते ऐकू येईल.